दातानं तोडणार नाही

सत्यवतीबायचा वरचा पुढचा दात गेला तो लग्नाच्या मांडवात. ती गावची धवलारीण. हळद लावताना, काकण बांधताना, नवरी निघताना म्हणायची सगळी गाणी तिच्या गळ्यातून यायची. आणि काकण बांधून झालं की उरलेला धागा धवलारणीनं दातानं तोडायचा, ही गावाची रीत. काकणाला लोखंड लागू द्यायचं नाही. ना कात्री, ना कोयती. आयुष्यभर हळदीत भिजवलेले, पीळ दिलेले धागे ओढून ओढून दात खिळखिळा झाला आणि एके दिवशी धाग्याबरोबर तोही हातात आला. बायका हसल्या, तीही हसली. पण पुढचं कडवं धरलं तर प्रत्येक ‘स’ला शिट्टी! पोरं शिट्ट्या मारून साथ द्यायला लागली, तेव्हा मात्र तिला हसू आलं नाही. त्यानंतर दोन लग्नांत तिला कुणी बोलावलंच नाही.

सून रीमा तिला तुळिंजला डॉक्टर ज्ञानदाकडे घेऊन गेली. त्या मुलीनं ब्रिज बसवला. मधला दात खोटा, आणि त्याला खांदा द्यायला शेजारचे दोन घासून, वर टोप्या घालून उभे केलेले.

“मावशी, मधला कधी किडणार नाही,” ज्ञानदा म्हणाली, “पण शेजारचे तुमचे स्वतःचे आहेत. त्यांना कीड लागली की तिघंही गेले. रोज ब्रिजच्या खालून दोरा फिरवायचा. मशेरी बंद. आणि पुढच्या दातांनी काही फोडायचं नाही, तोडायचं नाही.”

“कायच नाय?”

“काहीच नाही.”

मशेरी सोडताना सत्यवतीनं घर डोक्यावर घेतलं. भांडी आपटली, मांजराशी भांडली, पण डबीला हात लावला नाही. जेवण झालं की ओटीवर बसून ती कडक टोकाचा दोरा खोट्या दाताच्या पोटाखालून ओवायची आणि निगुतीनं पुढेमागे करायची.

“आई, गोधडी शिवताय का?” रीमा विचारायची.

“शिवतंय त. उसवली त तू शिवून देशील?”

मग रचनाचं लग्न ठरलं. रचना म्हणजे सत्यवतीच्या नणंदेची, यमुनाबाईंची नात. यमुनाबाईंनी धवलारीण म्हणून सत्यवतीलाच सांगितलं. भावाची बायको असताना बाहेरची कशाला?

हळदीच्या दिवशी मांडव भरला. सत्यवतीनं रचनाच्या मनगटावर काकण बांधलं, गाठ मारली, आणि लोंबता धागा तसाच सोडून ती मागे सरली.

“तोड गो,” यमुनाबाई म्हणाल्या.

“दातानं नाय तोडनार.”

मांडवात कुजबुज सुरू झाली. रचनाचा बाप अल्पेश पुढे आला. “मामी, एकदाच. सगळी मंडळी बसलीयत.”

“एकदाच एकदाच करत पयला गेला, बाबा.”

“देवाच्या कामापेक्षा तुझा दात मोठा झाला?” यमुनाबाईंचा आवाज चढला. “म्हातारपनी नखरे! आमच्या आयांनी काय दोरा फिरवला दातात? पापडी गावची धवलारीन बोलवू काय आता?”

“बोलवा ना! तिचाबी दात तुटला की मंग तिसरी शोधा. आनि आयांचं म्हनाल, त तुमची आय भात चुरून खायची शेवटाला. मीच चुरून द्यायची. इसरलात?”

पण धागा लोंबतच होता, आणि पन्नासएक डोळे सत्यवतीच्या तोंडाकडे लागले होते. आज माघार घेतली की ब्रिज गेला. नाही घेतली तर धवलारीणपण गेलं. दोन्ही घालवायला ती तयार नव्हती.

“लोखंड लागू द्यायचं नाय, येवढंच ना?” ती म्हणाली. “रीमा, परसात कालवं फोडलीत, तिथली एक धारेची शिंप घेऊन ये. धुऊन आन.”

“शिंपेनं?” यमुनाबाई ओरडल्या. “असं कदी झालंय का?”

“आता होतंय.”

कुणी काही बोलायच्या आत रचनानंच हात पुढे केला. “आजी, कापा. माझं मनगट सांभाळा फक्त.”

शिंप काही कात्री नव्हे. धागा चिवट, धार वेडीवाकडी. सत्यवती घासत राहिली. कोणी खाकरलं, कोणी मोबाइल पाहिला. तिनं घाई केली नाही. अखेर धागा सुटला. तिनं लगेच गाणं धरलं:

“सोनसकाळी सजली साळू, सासरी सांगा सावकाश…”

एकही शिट्टी नाही. बायकांनी ओळ उचलली, यमुनाबाईंनी सोडून.

दुसरं काकण करवलीचं. ते यमुनाबाईंनी झटक्यात ओढून घेतलं, गाठ मारली आणि धागा स्वतःच्या दातांत धरायला वाकल्या. “तू नाय ना तोडत? मी तोडते!”

त्यांचा पुढचा दात हलतो, हे सत्यवतीला ठाऊक होतं. गेल्याच आठवड्यात त्यांना पावाची कड चहात बुडवून खाताना तिनं पाहिलं होतं. तिनं त्यांचं मनगट धरलं.

“सोडा, यमुनाबाय.”

“दात माझाय.”

“असंल तुमचा. पन मी गातंय त्या मांडवात नाय पडायचा.” आणि तिनं शिंप त्यांच्या तळहातावर ठेवली.

यमुनाबाईंनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग मान खाली घालून धागा घासायला लागल्या.

“बोथट हाय ही मेली,” थोड्या वेळानं त्या पुटपुटल्या.

“मंग दुसरी घ्या,” सत्यवती म्हणाली, “परसात ढीग पडलाय,” आणि तिनं पुढची ओळ आणखी चढ्या आवाजात धरली.