बंद झाकणाचे तीन दिवस

चुळबुळ हे नाव तिला वडिलांनी ठेवलं, ती पाच वर्षांची असताना. कुंडीत बी पेरलं की ही पोर रोज सकाळी ते उकरून पाहायची, कोंब आलाय का म्हणून. कोंब कसला येतोय! पुढे ती रसायनशास्त्रात संशोधन करू लागली, आणि तेही अशा विषयात, जिथे काही न करणं हेच मुख्य काम होतं.

वीज वाहून नेणारं एक नारिंगी प्लास्टिक क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं आणि छोट्या उघड्या कुपीत घालायचं. ती कुपी मोठ्या बाटलीत ठेवायची, बाटलीच्या तळाशी मिथेनॉल ओतायचं आणि झाकण घट्ट लावायचं. मिथेनॉलची वाफ हळूहळू कुपीत उतरते. प्लास्टिकला ती मानवत नाही, मग त्याचे लांबलचक धागे आपसूक अंग चोरून घेतात आणि त्यांच्या गोळ्या होतात, केसाहून कितीतरी बारीक. या गोळ्यांत शिरलेला प्रकाश कडेकडेने गरगर फिरतो, त्यातून इवलाले लेझर करता येतात. अट एकच, तीन दिवस बाटलीला हात लावायचा नाही.

चुळबुळीला आजवर अकरा वेळा गोळ्यांऐवजी गुठळ्या मिळाल्या होत्या.

"प्लास्टिक आता एकाच प्रयोगापुरतं उरलंय," मॅडम म्हणाल्या. त्या तिच्या मार्गदर्शक. "गुरुवारी गोळ्या दिसल्या नाहीत, तर विषय बदलायचा."

म्हणजे तीन वर्षांवर पाणी. सोमवारी तिने श्वास रोखून बाटली लावली. नव्या बाटल्या द्यायला वडील वर आले होते. ते त्याच संस्थेत काचकाम करायचे. प्रयोगशाळेतली प्रत्येक कुपी त्यांच्या हातची होती.

"या वेळी झाकणाला हात लावणार नाही," तिने त्यांना सांगितलं.

"बरं," वडील म्हणाले. ती हात धुऊन येईपर्यंत ते निघूनही गेले होते.

त्याच संध्याकाळी तिने झाकण उघडलं, पण ते फक्त झाकण घट्ट बसलंय ना हे पाहायला. मंगळवारी वहीत नोंद झाली, 'रंग किंचित फिकट.' बुधवारी, 'तळाशी गढूळपणा. आशादायक.' गढूळपणा वरून नीट दिसेना, म्हणून तिने पुन्हा उघडलं. मग उघडलंच आहे तर म्हणून बाटली जराशी हलवलीही.

गुरुवारी तिने थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. गोळ्या नव्हत्या. गुठळ्यासुद्धा नव्हत्या. निव्वळ नारिंगी पाणी. ती तडक तळमजल्यावर काचेच्या भट्टीपाशी गेली आणि वडिलांसमोर स्टुलावर बसून रडली.

वडिलांनी ज्योत बारीक केली. "झाकण किती वेळा उघडलंस?"

"एकदाही नाही."

हातातली नळी ते पुसत राहिले.

"दोनदा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पाच."

"तरी काही बिघडलं नाही. त्यात नारिंगी शाईच होती."

तिला आधी कळलंच नाही.

"मी बदलून ठेवलेली बाटली होती ती. कुपीबाहेरचं मिथेनॉल तेवढं खरं, नाहीतर वासावरून ओळखलं असतंस. तुझी बाटली तुझ्याच टेबलाखालच्या कपाटात आहे, कापसात बसवलेली. तू हात धुवायला गेलीस तेव्हाच ठेवली, अगदी हळू."

राग यायला तिला वेळच मिळाला नाही, ती जिन्यात होती. कपाटातली बाटली तिने आयुष्यात पहिल्यांदाच सावकाश उचलली. सूक्ष्मदर्शकाखाली गोळ्याच गोळ्या होत्या, गुळगुळीत. तिने एकीवर लेझरचा झोत टाकला आणि गोळीची कड सोन्याच्या बांगडीसारखी उजळली. तिला पुन्हा रडू आलं.

मॅडमनी बराच वेळ पाहिलं. "या वेळी वेगळं काय केलंस?"

"मी काहीच केलं नाही, मॅडम." इतकं खरं उत्तर तिने आजवर कुणालाच दिलं नव्हतं.

"छान. प्लास्टिक मी मागवते. आणखी तीनदा करून दाखव, मग प्रबंधात घालू."

नवीन प्लास्टिक आलं त्या दिवशी चुळबुळीने बाटली लावली, झाकण बसवलं आणि वडिलांना वर बोलावलं. नोंदवही आधी त्यांच्या हाती दिली, मग सगळ्या कपाटांच्या किल्ल्या.

"कुठे ठेवताय ते मला सांगू नका," ती म्हणाली. आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

वडील बाटली घेऊन दोन पावलं गेले आणि थांबले.

"डोळेही मीट," ते म्हणाले.