दशांशाचा घडा

लेआबाईच्या घाण्यावर दहावा शेर कधी विकला जायचा नाही. नवरा एलोजी होता तेव्हाही नाही, आणि तो जाऊन वर्ष भरत आलं तरीही नाही. नऊ शेर गिऱ्हाइकाचे, दहावा कोपऱ्यातल्या मातीच्या घड्यात. त्यांच्या इस्रायली, म्हणजे यहुदी, धर्मात तो वाटा देवाचा. पण देव काही तेल मागायला येत नाही. शुक्रवारी सकाळी पिंजाऱ्याची विधवा नजीरा वाडगा घेऊन यायची, तिच्यामागनं गल्लीतल्या आणखी दोन-चार घरची माणसं यायची. एलोजी म्हणायचा, "आपण देतोय असं मनात आणू नको. त्यांचंच आहे. आपल्याकडं ठेवायला दिलंय एवढंच."

शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोल्हापुरात त्यांना शनवार तेली म्हणत. घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रोजच्या जगण्यात त्यानं काही अडत नव्हतं, अडलं ते आता. वर्षाच्या दिवशी मेलेल्या माणसासाठी कादीशची प्रार्थना म्हणायची, तर आपल्या धर्माचे दहा पुरुष बसलेले लागतात. नऊ चालत नाहीत. लेआबाईला मुलगा नाही, म्हणजे कादीश म्हणणार दीर मुसाजी. त्याला धरून गावात पुरुष सात. उरलेले तिघे बेळगावहून आणायचे, आणि ते गरीब, गाडीभाडं दिल्याशिवाय येणार नाहीत.

मुसाजी दरबारच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर. डोक्याला जरीकाठी लाल पटका. आठवड्यापूर्वी घाण्यावर येऊन त्यानं घड्यावर टिचकी मारली. "वहिनी, भाड्याची काळजी कशाला? हा भरलेला आहे की."

"तो आपला नाही, भावजी."

"मयताची प्रार्थना म्हणजे पुण्याचंच काम ना?"

"पुण्याचं असेल. पण ते आपल्यावरचं देणं आहे. आपलं देणं गरिबाच्या वाट्यातनं फेडायचं नसतं. तुमच्याच भावानं शिकवलंय मला."

"मग दहा माणसं आकाशातनं पडणार का?"

"तुम्ही द्या भाडं. दरबार पगार देतो तुम्हाला."

मुसाजी हसला आणि निघून गेला. दान करायची वेळ आली की असल्या लोकांचा हात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घड्यात जातो. वर नाव ह्यांचंच.

त्यांचा दिवस मावळतीला सुरू होतो, म्हणून वर्षाचा दिवस शुक्रवारी संध्याकाळी लागत होता. त्या सकाळी लेआबाई पोहे भिजवत होती. मलिदा करायचा होता, खोबरं किसायचं होतं, पुऱ्या तळायच्या होत्या. कंबर धरली होती. वर्षभर घाणा ओढला तो बैलानं की आपण, असं तिला कधीकधी वाटायचं. नजीरा दारात आली. लेआबाई कोपऱ्यात गेली, तर घड्याची नुसती चुंबळ.

"गुंडू, घडा कुठाय रं?"

बैल हाकणारा गुंडू आ वासून बघत राहिला. "मुसाजीराव काल टांग्यात घालून शाहूपुरीला घेऊन गेलं की. व्यापाऱ्याला द्यायचा म्हणालं. मला वाटलं, तुमीच सांगितलंय."

नजीरानं वाडगा पदराआड घेतला. "असू दे बाई. आज तुमच्या घरात दिवसाचं काम हाय. मी फुडच्या शुक्रवारी येतो."

"आज संध्याकाळच्या आत पोचतं करते," लेआबाई म्हणाली. कशातनं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. वर्षश्राद्धापायी घाणा दोन दिवस बंद. घरात होता तो एकच डबा. पुऱ्यांसाठी आणि एलोजीच्या नावच्या दिव्यासाठी राखलेला.

दिवस कलला तशी माणसं आली. बेळगावचे तिघेही आले. सगळ्यात शेवटी मुसाजी, नवा कोट घालून. लेआबाईनं शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, दिव्यात लागेल तेवढं तेल काढून घेतलं, कारण तो दिवा चुकवता येत नाही. बाकीचा डबा तिनं मुसाजीच्या पुढ्यात आणून आदळला.

"हे नजीराकडं पोचवा."

"गुंडू जाईल."

"गुंडूनं उचललं नव्हतं. ज्यानं उचललं त्यानं पोचवायचं. दिवस बुडायच्या आत, शब्बाथ लागला की ओझं नेता येणार नाही."

"वहिनी, माणसं बसलीत!"

"बसू देत. चोरीच्या भाड्यावर माझ्या नवऱ्याची कादीश म्हणाल, तर मी आमेन म्हणणार नाही. सगळ्यांच्या देखत सांगते."

बेळगावचा म्हातारा मान खाली घालून पायाचं नख खरवडत बसला. मुसाजीचा चेहरा पटक्यापेक्षा लाल झाला. त्यानं डबा उचलला. कोटावर तेल सांडलं, तसाच तो पिंजार गल्लीकडं गेला. लोक बघत होते.

शब्बाथचा दिवा लागला. अंधार पडला. मुसाजी परत आला नाही.

बघायला गेलेला गुंडू आला. "तेल दिलंय तिला. पण ते सरळ घरला गेल्यात. म्हणालं, त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार न्हाय."

नऊ माणसं बसली होती. बेळगावचा एकजण पुटपुटला, "एवढ्या लांबनं आलो, आणि जो घरचा तोच न्हाई." त्यांनी मनातल्या मनात जे म्हणता आलं ते म्हटलं. कादीश झाली नाही. एलोजीचा दिवाही लागला नाही. लेआबाईनं पुऱ्यांशिवाय मलिदा वाढला आणि ती भिंतीला टेकली. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तेवढीही ताकद उरली नव्हती.

गुंडू दारातनं बघत होता. "बाई, दहाच माणसं लागत्यात न्हवं? मी बसू का? मालकांचा माणूसच हाय की मी."

म्हातारा खोकल्यासारखा हसला. लेआबाईलाही हसू फुटलं, वर्षात पहिल्यांदा. "तुला मोजणीत नाही रं धरता येत. पण बस. घे मलिदा."

गुंडू बसला. खोबरं चावत म्हणाला, "मालक असतं तर आज काय म्हणालं असतं?"

लेआबाईनं डोळे मिटूनच उत्तर दिलं. "बैलाची पेंड भिजत घातलीस का, असं म्हणाले असते."

गुंडूनं जीभ चावली, पान खाली ठेवलं आणि उठला. घाणा शनिवारी बंद असतो, बैलाचं पोट बंद नसतं.