स्वराखालची फुसफुस

उद्या अकरा वाजता ऑर्केस्ट्रातल्या जागेसाठी चाचणी होती, आणि लेकीच्या क्लॅरिनेटमधून हळू वाजवताना स्वराबरोबर वारा येत होता. मोठ्याने वाजवलं की कसं खणखणीत! पण परीक्षकांनी नेमका कुजबुजीएवढा स्वर मागितला होता, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. ही जागा गेली तर पुन्हा कधी निघेल, देव जाणे.

"हळू म्हणजे फुंकर कमी नव्हे," बाबांनी हजारदा सांगितलं होतं. "पोटातला जोर तोच ठेव आणि ओठ ढिले सोडू नकोस."

चाळीस वर्षं हेच वाद्य वाजवून बाबांचे कान कामातून गेले होते. हाक मारली तर ओ नाही; बारीक फुसफुस तर दूरच. स्वर चिरकला की मात्र असतील तिथून तरातरा येत. मागच्या वर्षीच्या तापापासून नाकालाही वास कळत नव्हता. "सुटे भाग मिळत नाहीत आता," असं स्वतःच म्हणायचे. लेकीचंही नाक चार दिवस सर्दीने चोंदलेलं. छान जोडी जमली होती!

दुपारी रस्त्याचा गोंगाट नको म्हणून दोघांनी घरातली खिडकी न् खिडकी लावून घेतली. तिने खोलीच्या दारावर आतून रजई ठोकली. बाबांनी भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात गॅसवर दूध तापत ठेवलं आणि तिथेच खुर्चीत ऐकत बसले. म्हणजे पेंगत बसले. भिंतीत वर एक छोटा झरोका होता.

अर्ध्या तासात फुसफुस कमी झाली. तिला हायसं वाटतंय तोच ती पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जास्त. तिने रीड, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी लावायची वेताची पट्टी, बदलली. तरी तेच. पात्याने दुसरीचं टोक तासलं, तिसरी भिजवून लावली. फुसफुस हटेना. तिला रडू यायला लागलं.

शेवटी डोळे मिटून तिने सगळं बाबांनी सांगितलं तसं केलं. स्वर आला, अगदी हळू आणि निखळ. पहिल्यांदाच. फुसफुस त्याच्यात नव्हतीच, शेजारी होती.

तिने वाजवणं थांबवलं. स्वर थांबला.

फुसफुस चालूच होती.

झरोक्यातून बाबांचा झोपाळू आवाज आला. "अरेच्चा, दूध उतू गेलं की. आच पण विझलीय."

मग काड्यापेटी खुळखुळली.

"बाबा! काडी ओढू नका!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. तरी पलीकडे पेटी उघडल्याचा आवाज आला. रजईचे खिळे उपटायला वेळ नव्हता.

तिने क्लॅरिनेट झरोक्याकडे धरलं, रीड दातांत चावली आणि होता नव्हता तेवढा श्वास फुंकला. आयुष्यातला सगळ्यात घाणेरडा स्वर किंचाळला.

पलीकडे खुर्ची सरकली. चपला तरातरा वाजत बैठकीतून दाराशी आल्या. तिने रजई ओरबाडून दार उघडलं. बाबा रागावून उभे होते. एका हातात पेटी, दुसऱ्यात न ओढलेली काडी.

"रीड चावलीस! हे वाजवणार उद्या?"

"चुकलं बाबा," ती म्हणाली आणि त्यांच्या चिमटीतून काडी सोडवून घेतली. त्यांच्या पाठीमागे फुसफुस चालूच होती, आणि ती फक्त तिलाच ऐकू येत होती.