मेंढीच्या हाडांची शेती

आमचे पाद्री सेरा इल्लुगी आले त्या दिवशी वारा असा सुटला होता की त्यांचा घोडा दारात येऊन उभा राहिला आणि त्याची सावली तासाभराने पोचली. एरवी माझ्या अशा बोलण्यावर घरात हशा पिकतो. त्या दिवशी कुणी मान वर केली नाही.

आमच्या खोऱ्यात शाळा नाही. पोरांना घरीच शिकवायचं, आणि हिवाळ्यात पाद्रीबुवांनी घरोघर फिरून त्यांचं वाचन तपासायचं, ही इथली रीत. मागच्या खेपेला माझी नात रानवेग वाचायला उभी राहिली आणि नुसती स्वतःच्या मोज्यांकडे बघत राहिली. जाताना सेरा म्हणाले होते, "पुढच्या वर्षीही हेच झालं तर हिला नदीपलीकडच्या घरी ठेवावी लागेल. ते लोक शिकवतात."

ते लोक कसे शिकवतात ते आम्हाला ठाऊक होतं. तिथून आलेली पोरं घडाघडा वाचतात, पण दार वाजलं की दचकतात. माझी लेक थुरीदुर, तिचा नवरा समुद्राने नेलेला. तिला ही एकच पोर.

म्हणून आम्ही कामाला लागलो. घरात दिवा एक, पुस्तकही एकच. संध्याकाळी लोकरीचं काम घेऊन सगळे दिव्याभोवती. पुस्तक माझ्या मांडीवर, समोर तिवईवर रानवेग, दोन्ही हातांवर लोकरीची लडी ताणून बसलेली, आणि थुरीदुर त्या लडीचा गुंडा करतेय. मी विणायची सुई ओळीवरून सरकवत वाचायचो आणि मध्येच गप्प व्हायचो. पुढचा शब्द रानवेगने बरोबर सांगितला की माझ्या शेतातलं एक जनावर तिचं.

शेत म्हणजे मेंढीच्या हाडांचं, आमच्याकडे पोरं मांडतात तसं. पायाचं हाड म्हणजे घोडा, जबडा म्हणजे गाय. शरद ऋतूत मी खोऱ्यातला सगळ्यात मोठा जमीनदार होतो. नाताळापर्यंत पोरीने मला धुऊन काढलं. एक लंगडा कुत्रा तेवढा उरला, आणि तोही खरं तर माशाचा मणका.

नाताळाची पातळ भाकरी तळायच्या आधी थुरीदुर तिच्यावर सुरीने अक्षरं कोरायची. रानवेग पोळपाटाच्या पलीकडून वाचायची. वाचलं की खायचं. त्या हिवाळ्यात पोरीच्या गालांवर जे मांस चढलं ते निव्वळ अक्षरांचं.

तर सेरांनी लोणी लावून सुका मासा खाल्ला, बोटं पुसली आणि पिशवीतून स्वतःचं स्तोत्रांचं पुस्तक काढून रानवेगच्या हातात दिलं.

"वाच, पोरी."

रानवेगने पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत पुस्तकाकडे. तिचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

"पहिलाच शब्द सांग."

थुरीदुरच्या सुया थांबल्या.

"ओद्दुर," सेरा माझ्याकडे वळले. लहानपणी आम्ही एकाच डोंगरावर मेंढ्या राखल्या आहेत. "वर्षभर काय केलंस तू?"

"माझं अख्खं शेत हरलो तिच्याकडून."

"तुला अजून थापाच सुचताहेत." त्यांनी पुस्तक परत घेतलं. "थुरीदुर, हिचे गरम कपडे बांध. उजेड आहे तोवर नदी ओलांडू."

थुरीदुर कोठीत गेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. रानवेग खाली बसून हाडं गोळा करू लागली.

"आजोबा, घोडे तुम्ही ठेवा. तिथे मांडू देतील की नाही कोण जाणे."

मी उठून तिच्याबरोबर हाडं वेचू लागलो.

सेरा माझ्या जागेवर बसले आणि प्रवासाआधीची प्रार्थना वाचू लागले. पुस्तक मांडीवर. रानवेग सवयीने समोरच्या तिवईवर टेकली. वाऱ्याने दिवा फडफडला, सेरा अडखळले आणि पुढे गेले.

"सेरा, एक ओळ राहिली."

"कुठली?"

तिने म्हणून दाखवली. सेरांनी खाली पाहिलं. राहिली होती खरी.

"पाठ असेल," ते पुटपुटले. मग पिशवीतून दुसरंच पुस्तक काढलं, घोड्यांच्या औषधांचं. आमच्या घराने ते कधी पाहिलं नव्हतं. मांडीवर उघडून म्हणाले, "आणि हे?"

"घोड्याच्या पोटात जंत झाले असता," रानवेगने सुरुवात केली, आणि जंत पडेपर्यंत थांबली नाही. थुरीदुर हातात मोजा घेऊन दारात आली.

सेरांनी पुस्तक फिरवून तिच्याकडे केलं. रानवेग गप्प. परत स्वतःकडे फिरवलं. रानवेग सुरू.

"अरे गाढवा," सेरा मला म्हणाले, "पोरीला तू उलटं वाचायला शिकवलंस."

"मी सुलटंच शिकवत होतो. ती समोर बसली होती."

आमचं एकुलतं एक पुस्तक. पोरीच्या हातात द्यावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"मगाशी बोलली का नाहीस?" सेरांनी तिला विचारलं.

"मला वाटलं, तुम्हीच उलटं दिलंत. पण पाद्र्यांना कसं सांगायचं?"

सेरा पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"सेरा," थुरीदुर हळूच म्हणाली, "पुस्तक कसं धरायचं, ते नियमात लिहिलंय?"

"नियमात एवढंच आहे की पोराला वाचता यावं." त्यांनी तिच्या हातातल्या मोज्याकडे पाहिलं. "तो मोजा पेटीत ठेव. पण पुढच्या हिवाळ्यात ही सुलटं वाचणार."

तेव्हापासून पुस्तक रानवेगच्या मांडीवर असतं आणि सुई तिच्या हातात. लडी धरून समोर मी बसतो आणि या वयात उलटं वाचायला शिकतो. चुकलो की दंड. माझ्याकडे द्यायला होतं काय? तो लंगडा कुत्रा. काल तोही गेला.