सरुबाईची एकच चूल

खानावळ म्हटलं की सरुबाईचा पारा चढायचा. अन्न विकायला ती काय हॉटेलवाली होती? नवरा नथू वारला तशी ती दुर्गाला कडेवर घेऊन शहाद्याकडून सिल्वासाला आली. किलवणीच्या रस्त्याला कारखान्यांमागे एक वस्ती होती, तिथे तिने झोपडं घातलं. पडवीत गावाकडची पोरं राहायला आली. नवनाथ, संजू आणि आणखी पाच-सहा जण, सगळे धाग्याच्या कंपनीत पाळीवर. पोरं पीठ, डाळ, तेल मिळून आणून द्यायची आणि सरुबाई सगळ्यांच्या भाकरी थापायची. त्यातच तिचं नि दुर्गाचं पोट भरायचं. वस्तीत घरोघरी हीच तऱ्हा होती.

दुर्गा मात्र आता मुलींच्या शाळेच्या वसतिगृहात होती, आठवीत. राहणं फुकट, जेवण फुकट, पुस्तकं फुकट. पोरगी नर्स होणार म्हणत होती आणि सरुबाईचा सगळा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात प्रभाकर नावाचे एक साहेब वस्तीत आले. घराघराची कमाई विचारायची, हे त्यांचं काम. माणूस गरीब स्वभावाचा, घामाने चिंब झालेला. सरुबाईने आधी पाणी दिलं.

"बाई, या चुलीवर किती जण जेवतात?"

"आम्ही सगळे. ही काय पडवीभर पोरं माझी!"

"म्हणजे पैसे देऊन जेवतात? तसं असेल तर सांगा. खानावळ लिहितो, त्यांची कमाई वेगळी धरतो."

झालं! बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माय वं! खानावळ? नवनाथला ताप आला तर उशाला मी बसते, आणि तुम्ही त्याला गिऱ्हाईक म्हणता? एकच चूल आहे आमची. लिहा तसंच!"

साहेबांनी लिहिलं. शेजारच्या मंगलाने तेच सांगितलं, पलीकडच्या केसरबाईनेही तेच. परक्या माणसासमोर कुठली बाई म्हणेल, मी भाकरी विकते? साहेब जेवूनच गेले, आणि सरुबाईने त्यांच्या भाकरीवर तेलाची धार जरा जास्तच सोडली.

वर्षभराने वसतिगृहाचा निरोप आला. यापुढे दुर्गाची फी भरावी लागेल, वस्ती आता गरिबांत मोडत नाही. सरुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती तडक प्रभाकर साहेबांच्या कचेरीत गेली.

साहेबांनी तिला बसवून समजावलं. वस्तीतली सगळी घरं कमाईप्रमाणे ओळीत उभी करतात, सगळ्यात गरीब या टोकाला, सगळ्यात सुखी त्या टोकाला. मग बरोबर मधलं घर धरतात. त्या घराची कमाई ठरलेल्या रेषेच्या खाली असेल तरच वस्तीतल्या पोरींना माफी.

"मागच्या वेळी मधलं घर फार खाली होतं. आता तुमच्या घरात सात-आठ पगार, मंगलाबाईंकडे सहा. मधलं घर चांगलंच वर गेलं, बाई."

"अहो, पण ते पगार माझे कुठं? त्यांच्या आईबापांना जातात मनीऑर्डरने!"

"मी विचारलं होतं तुम्हाला."

विचारलं होतं, खरंच. सरुबाईला रडू आवरेना. आत्ता तरी खानावळ लिहा म्हणून ती हातापाया पडली, पण आकडे पुढे गेले होते आणि आता पुढच्या मोजणीपर्यंत काही हलणार नव्हतं. आपल्याच तोंडाने आपण पोरीचं वाटोळं केलं, हे तिच्या काळजाला जे लागलं ते लागलंच.

दुर्गा शाळा सोडून, पत्र्याची पेटी घेऊन घरी आली. आईला ती एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. दोन वर्षं ती आईबरोबर भाकरी थापत राहिली, आणि अंगात ताकद आली तशी त्याच धाग्याच्या कंपनीत पॅकिंगला लागली. पुढे पोरंही पांगली. नवनाथ दादऱ्याला गेला, संजू लग्न करून गावाकडे. पडवी ओस पडली.

त्र्याण्णवला प्रभाकर साहेब पुन्हा आले. केस पिकलेले, घाम तसाच. सरुबाईने पाणी दिलं आणि त्यांनी विचारायच्या आत सांगून टाकलं, "दोघीच आहोत चुलीवर. मी आणि दुर्गा. बाकी कुणी नाही."

"कमावतं कोण?"

"दुर्गा."

तिने पगार सांगितला. साहेबांनी लिहिलं, आधीच्या घरांचे कागद चाळले आणि जरा अवघडून म्हणाले, "तरीही तुमचं घर रेषेच्या वरच आहे, बाई. वसतिगृह सुटलं तशा घरोघरी आता पोरी कामाला जातात ना. वस्ती वरच राहणार."

"या खेपेला चूक नाही ना काही?"

"नाही. या खेपेला अगदी बरोबर आहे."

"आणि माझी पोर शिकत राहिली असती तर?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "तर तुमचं घर खालीच राहिलं असतं," ते म्हणाले, आणि मग उगाचच मोठ्याने खाकरले.

आत सकाळच्या पाळीवरून आलेली दुर्गा जमिनीवरच झोपली होती. सरुबाईने दार ओढून घेतलं.

"हळू, साहेब," ती म्हणाली. "घरातलं कमावतं माणूस झोपलंय."