डाव्या घोड्याचा लाल नाडा

आमच्या दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक नियम होता. तोंडातून दारू ठासायची दुनळी बंदूक भरलेली असली की ते तिच्या डाव्या घोड्याला, चाप ओढला की पडणाऱ्या खटक्याला, लाल नाडा बांधत. दसऱ्याचा पूजेचा नाडा वेगळा, तो मागच्या लाकडी दस्त्याला. घोड्यावर नाडा दिसला की आम्ही बहिणी त्या खोलीत पाऊल टाकत नसू.

नांदगाव खंडेश्वरच्या शेतातून रानडुकरं पिटाळायला ती बंदूक होती. दादा ऐन पेरणीत अचानक गेले. चुलतभावाने ती अकोल्याच्या एका बंदुकीच्या दुकानात जमा केली. माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे यांच्या नावावर परवाना व्हायला अमरावतीच्या कचेरीत तीन वर्षं गेली. तो बुधवारी हातात पडला आणि गुरुवारी आम्ही सकाळच्या बसने अकोल्याला निघालो. दुपारी बारापर्यंत माझं रोजचं मौन असतं. एकवीस वर्षांचं व्रत आहे. अगदी अडलं तर लिहून दाखवायला पिशवीत छोटी वही ठेवते.

दुकानदाराने बंदूक साफ करायला बंदुका दुरुस्त करणाऱ्या कुर्बानभाईंकडे दिली होती. घरामागच्या अंगणातच त्यांचं काम चाले. त्यांची बायको, कुलसुमबी, भिंतीशी बसून सुपात तूर निवडत होती.

कुर्बानभाईंनी कापड उलगडलं. "ताई, उजेडात या. हे नळीवरचं पाहा, पान्याच्या लहरीवानी. लोखंड अन् पोलादाच्या पट्ट्या पिळून पिळून ठोकल्या का असं उमटते. आता एवढी मेहनत कोन करते?"

मी बोट फिरवलं. लहर डोळ्यांना दिसत होती, बोटाला लागत नव्हती. दोन्ही घोडे मोराच्या मानेसारखे वळलेले. दस्त्यावर एक जागा काचेसारखी गुळगुळीत होती. दादा तिथे गाल टेकवत.

हे तर हरखून गेले होते. "अवं, तुह्या बापानं मले कधी हात लावू देला नाई हिले!"

"भाभी काहून बोलून नाई राहिल्या?" कुलसुमबीने विचारलं.

"बारा वाजेलोक मौन असते तिचं."

"या अल्ला! अन् आमचे हे मले म्हनतेत, तूच दुनळी हायेस. एक नळी थांबली का दुसरी सुरू."

कुर्बानभाई हसले. "मी सध्या वरूनच पुसली. दुकानाची चिठ्ठी हाये, रिकामी म्हनून. पन माहा भरोसा गजावर. गज आत टाकून पाहतो, मंग नळ्या धुतो." गज आणायला घरात जाता जाता ते थांबले आणि खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हाती दिली. "पूजेचा धागा होता तिले. फेकला नाई, ताई."

किती जपलं, असं मनात आलं. मी पुडी उघडली.

विटका लाल नाडा. त्याची गाठ तशीच होती, टोकं लांब लोंबणारी आणि वेढा जेमतेम बोटाएवढा, आतून वंगणाने काळा. दस्ता मनगटाहून जाड. एवढासा वेढा घोड्यालाच बसतो.

मी वर पाहिलं. यांनी घरून आणलेली दादांची टोप्यांची डबी उघडी होती. डाव्या घोड्याखाली त्यांनी बार पेटवणारी तांब्याची टोपी बसवली होती. "टोपी वाजते का पाहू तं खरी," म्हणत अंगठ्याने घोडा मागे ओढला. नळीचं तोंड भिंतीकडे. भिंतीशी कुलसुमबी, मान सुपात.

हात सवयीने वहीकडे गेला. पेन्सिल सापडली. मी 'भ' लिहिला. त्यांचं बोट चापावर गेलं.

"गजेंद्र!"

लग्नाला एकतीस वर्षं झाली. उखाण्याबाहेर हे नाव माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. ते दचकून वळले, आणि त्यांच्याबरोबर दोन्ही नळ्यांची काळी तोंडं माझ्याकडे वळली.

"बोट काढा," मी म्हटलं. "भरलेली आहे."

बोट निघालं. कुर्बानभाई गज घेऊन धावत आले. त्यांनी नळी जमिनीकडे वळवली, घोडा अंगठ्याने धरून हळूच उतरवला, टोपी काढून टाकली. मग उजव्या नळीत गज सोडला. टक्क. तळाला लागला. डावीकडे तो चार बोटं आधीच थांबला.

गजाच्या टोकाला पेच लावून त्यांनी एकेक बाहेर काढलं: चिंधीचा बोळा, छर्रे, मग पुन्हा बोळा आणि काळी दारू. चिमूटभर दारू दगडावर ठेवून काडी लावली. भस्सकन पेटली.

कुर्बानभाई खाली बसले. "चूक माही हाये, ताई. धागा काढाच्या आंधी गज टाकाले पायजे होता."

मी नकारार्थी मान हलवली. घरातला नियम घराबाहेर कोणाला सांगितलाच नव्हता आम्ही. कुलसुमबी आली आणि माझा हात धरून नुसती उभी राहिली. तिच्या ओढणीला तुरीचा भुसा लागला होता.

गज दोन्हीकडे तळाला लागलेला मी स्वतः पाहिला. मग गाठ सोडून नाडा दस्त्याला बांधला.

हे जवळ येऊन हळूच म्हणाले, "अवं, अजून एकदा नाव घे ना."

मी मनगटावरचं घड्याळ त्यांच्यापुढे केलं. बाराला पाच मिनिटं कमी होती.