तिसऱ्या ओळीची टोकाची खुर्ची

आमच्या चर्चच्या खुर्च्या लावायचं काम माझ्याकडे आहे. मला कोणी दिलं नाही, मीच घेतलं. दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे काठाला काठ लागला नाही की माझं डोकं फिरतं. तर तिसऱ्या ओळीची टोकाची खुर्ची आमच्या खजिनदारांनी मोडली. मुद्दाम नाही हो. ते नुसते बसले आणि खुर्चीने मान टाकली.

दुरुस्तीला दिली माझ्या दिराकडे. दीर सुतार. हात सोन्याचा, पण वेळेवर काम करेल तर शपथ! मी विचारायचे, "भावोजी, खुर्ची?" की उत्तर तयार, "आणतो वहिनी, सरस सुकतोय." महिने गेले, सरस आपला सुकतोच आहे. दात पडलेल्या तोंडासारखी ती माझी ओळ. गाणं म्हणतानासुद्धा त्या फटीकडे लक्ष गेलं की मला तिडीक यायची.

मध्यंतरी एक मायलेक उपासनेला यायला लागले. मुलगा वायरमन. कामावर शिडीवरून पडला आणि दोन्ही पाय गेले ते गेलेच. आई व्हीलचेअर ढकलत आणायची. तिचं एक चाक कुरकुरायचं. त्या फटीत व्हीलचेअर बरोबर बसायची. उपासना संपली की हा कोणाशी न बोलता निघून जायचा. मी दोनदा 'कसं काय' विचारलं, तर नुसती मान हलवली. मला वाटलं, काय तोरा आहे!

शेवटी एका शनिवारी दीर खुर्ची घेऊन उगवला. नवा पाय, वरून पॉलिश. मी ती जागेवर लावली आणि दारातून पाहिलं. ओळ कशी सरळ सुतासारखी! वायरमनचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

रविवारी मी दारात गीतांची पुस्तकं वाटत होते. मायलेक आले. व्हीलचेअर उंबऱ्यातून आत आली आणि थांबली. तो तिसऱ्या ओळीकडे बघत होता.

"वळव," तो आईला म्हणाला.

"अरे, सांगते ना मी कोणाला तरी."

"आई, वळव म्हटलं ना."

आणि ते गेले. मला आधी काही कळेचना. मग ओळीकडे पाहिलं. त्याची ती फट मीच बुजवली होती. पुस्तकं तिथेच टाकून धावले, या असल्या गुडघ्यांनी! औषधाच्या दुकानापाशी त्यांना गाठलं.

"अहो, थांबा की! खुर्ची काढते मी. मिनिटाचं काम."

"नको मावशी," वायरमन म्हणाला. "तुम्ही खुर्ची काढाल. मग शेजारचे उठतील, कोणी पिशवी उचलेल, सगळे वळून बघतील. जिथे जातो तिथे हेच. पडल्यापासून मी घराबाहेरच निघत नव्हतो. आईने हट्ट केला म्हणून इथे आलो, तर जागा रिकामी. पुढच्या रविवारीही रिकामी. मला वाटलं, कोणीतरी काही न बोलता माझ्यासाठी ठेवतंय. त्या जोरावर माझा आठवडा निघायचा."

आईने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

"हो, ठेवत होतो," असं अगदी माझ्या जिभेवर आलं. पण खोटं सांगून याला परत नेलं, तर प्रभूला काय तोंड दाखवू?

"कोणी ठेवत नव्हतं रे बाबा," मी म्हणाले. "खुर्ची मोडली होती. माझा दीर आळशी, म्हणून जागा रिकामी. मी तर त्याच्या नावाने खडे फोडत होते."

तो हसायला लागला, चांगला मोठ्याने. आई दचकली.

"म्हणजे मी इतके दिवस तुमच्या दिराच्या आळसावर जगलो?"

"तसंच समज."

पण हसून झाल्यावर चेहरा परत उतरला. "चल आई," तो म्हणाला.

"आज जा," मी म्हणाले. "ओढून नेत नाही. पण पुढच्या रविवारी ये. आजवर कोणी ठेवत नव्हतं, आता मी ठेवीन."

त्याने आईला हाताने निघायची खूण केली. व्हीलचेअर कुरकुरत गेली.

तो आठवडा मला घास गोड लागला नाही. देवाला म्हटलं, तू मोडक्या खुर्चीकडून काम करून घेत होतास, आणि मी धडधाकट बाई, नीटनेटकेपणाच्या नादात त्या पोराला दारातून परत पाठवलं. आता येऊ दे रे त्याला.

शनिवारी खुर्ची उचलून मागच्या खोलीत ठेवली. दीर वैतागला. "अहो वहिनी, जीव खाल्लात माझा त्या खुर्चीसाठी!"

"भावोजी, तुमच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे ते न केलेलं काम," मी म्हणाले. तो आजतागायत विचार करतोय.

रविवारी उपासना सुरू झाली. जागा रिकामी. पहिलं गीत झालं, प्रार्थना झाली, तरी रिकामीच. मी दुसऱ्या ओळीत बसले होते. खजिनदार उशिरा आले आणि एक खुर्ची उचलून तिकडे सरकवू लागले. मी असे डोळे वटारले की ते खुर्चीसकट मागे गेले.

दुसरं गीत चालू असताना मागे चाक कुरकुरलं. कुरकुरत जवळ आलं आणि माझ्या पाठीमागे थांबलं. एकानेही वळून पाहिलं नाही. सगळ्यांना मी आधीच दम भरून ठेवला होता. मीही पाहिलं नाही. जीव नुसता तडफडत होता, पण पाहिलं नाही. तेवढ्यात गीताचं कडवं मात्र चुकलं.